वाऱ्याचे साक्षीदार

जालन्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आमच्या वसतिगृहातील बहुतेक मुलामुलींनी समुद्र पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला, त्यांनी तो ६ डिसेंबरला आईवडिलांसोबत चैत्यभूमीला गेले असता दादरच्या किनाऱ्यावरून पाहिला. त्या दिवसांत समुद्र शांत असतो आणि पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून त्याच्याकडे जात असतो. ज्या समुद्रावरून आलेल्या वाऱ्यावर आमच्या मुलांच्या घरचे वर्षाचे गणित ठरते, तो जून-जुलैचा समुद्र त्यांच्यापैकी कोणाच्याच परिचयाचा नाही.

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. नैर्ऋत्येचा वारा कोकणात आणि घाटमाथ्यावर झोळी रिकामी करूनच इकडे येतो. जालना जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस येतो, तोही येईल तेव्हा खरा. मृगाच्या सरी पडल्या की सरकी आणि सोयाबीन जमिनीत जाते. मध्येच उघडीप पडली की दुबार पेरणी, दुबार पेरणीसाठी उसनवारी आणि उसनवारी फेडण्यासाठी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला प्रयाण, हा क्रम आमच्या निम्म्या पालकांना पाठ आहे. बियाण्यांचे शहर म्हणून जालन्याचा लौकिक देशभर आहे. पण बियाण्याच्या पिशवीवर पाऊस केव्हा येणार ते छापलेले नसते. जूनच्या अखेरीस वसतिगृहातून घरी फोन लावून दिला की एखादा नववीतला मुलगा फोन हातात धरूनच आमच्याकडे वळतो आणि विचारतो, ‘सर, बाबा विचारतात, पेरू का?’

इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न पेलणारा नाही. पण प्रश्न आला म्हणून आम्ही हवामान खात्याची पत्रके बारकाईने वाचू लागलो. त्यात ‘अरबी समुद्रावरील पश्चिमी वाऱ्यांचा जोर वाढला’ अशा अर्थाचे एक वाक्य हटकून असते. केरळात मोसमी पाऊस दाखल झाला असे जाहीर करतानाही खाते केवळ पाऊस पाहत नाही. १४ ठरावीक केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर वा अधिक पाऊस पडावा लागतो आणि त्याच वेळी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्याचा वेग १५ ते २० नॉट असावा लागतो. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. हे वाचताना आमच्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. कोणतेही विधान समोर आले की त्याने विचारावयाचे ते एकच: हे कोणी पाहिले? जिथे घर नाही, खांब नाही, उभे राहायला जमीन नाही, तिथला वारा कोणी मोजला आणि कशाने? आपल्याकडे अशक्य कामाला वाऱ्याची मोट बांधणे म्हणतात. ही मोट बांधण्याचा उद्योग दोनशे वर्षे चालू आहे, आणि त्याची कथा साक्षीपुराव्याच्या कोणत्याही कथेइतकीच आम्हांस ओढून घेणारी वाटली.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. वारा कोणतेच यंत्र पाहत नाही. प्रत्येक यंत्र वाऱ्याने केलेले काहीतरी पाहते आणि त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधते. सर्वांत जुने यंत्र म्हणजे माणसाचा डोळा. इंग्रजी आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट याने १८०६ मध्ये वाऱ्याची एक श्रेणी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. अमुक वाऱ्यात जहाज किती शिडे उभारू शकते, यावर ती आधारलेली होती. शून्य म्हणजे निवांत, बारा म्हणजे एकही शीड तग धरणार नाही असे तुफान. १८३८ मध्ये आरमाराने ती स्वीकारली. पुढे शिडे जाऊन वाफेची जहाजे आली, तेव्हा शिडांच्या जागी लाटांकडे पाहून अंक ठरू लागला: लाटांचे माथे कुठे कुठे पांढरे दिसू लागले की तीन-चार, फेसाच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने ओढल्या गेल्या की सात. या अंकाचे वेगात रूपांतर करण्याचे सूत्र १९०६ मध्ये जॉर्ज सिम्प्सन याने मांडले, आणि त्याच सुमारास तो सिमल्याला आपल्या हवामान खात्यात नोकरीस आला. म्हणजे अरबी समुद्रावरच्या जुन्या नोंदींतला वेग हा मोजलेला वेग नव्हे. कोणा अधिकाऱ्याने पाहिलेल्या फेसाचे ते गणिती भाषांतर आहे.

या नोंदींना आम्ही हलके लेखत नाही. बाबासाहेब १५ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी ‘मुलतान’ बोटीने मुंबईहून निघाले, तेव्हा अरबी समुद्रावर मोसमी वारा भरात होता. त्या काळच्या बोटींवर ठरलेल्या वेळी वाऱ्याची दिशा आणि ब्यूफोर्टचा अंक लॉगबुकात लिहिला जाई. अशा हजारो बोटींच्या लाखो नोंदींवरच समुद्रावरच्या मोसमी वाऱ्याचे पहिले भरवशाचे नकाशे उभे राहिले. तरी इतिहासाच्या अभ्यासकाला दोन उणिवा चटकन दिसतात. पहिली अशी की, बोटी ठरावीक वाटेनेच जातात. मुंबई-एडन वाटेवर नोंदींची गर्दी आणि चार अंश बाजूला कोरा समुद्र. शिवाय तुफान दिसले की शहाणा कप्तान वाट बदलतो. त्यामुळे लॉगबुकात चांगल्या हवेची साक्ष भरपूर आणि वाईट हवेची थोडी. जे तुफानात सापडले आणि बुडाले त्यांची लॉगबुकेही त्यांच्यासोबतच गेली. दुसरी उणीव आम्हांस अधिक बोचते. डेकवर पहाऱ्याला उभा असे तो कोकणातला, गुजरातेतला खलाशी. लाट त्याच्या अंगावर येई, पण अंक लिहिणारा हात त्याचा नव्हता. आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला खाऱ्या वाऱ्याचे नि मतलईचे, उधाणाचे नि आभाळाच्या रंगाचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते, ते कोणत्याच वहीत शिरले नाही. दप्तरात कोणाची साक्ष उतरते आणि कोणाची उतरत नाही, हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. तो वाऱ्याच्या दप्तरातही भेटला एवढेच.

डोळ्यानंतर आली वाट्यांची भिंगरी. आयर्लंडमधील रॉबिन्सन याने १८४६ मध्ये चार अर्धगोल वाट्या आडव्या दांड्यांवर बसवून वायुवेगमापक तयार केला. वाट्यांचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या बरोबर एक-तृतीयांश असतो, मग यंत्र लहान असो वा मोठे, असा त्याचा समज होता. त्यामुळे भिंगरीच्या फेऱ्यांवरून आलेल्या वेगाला सरळ तीनने गुणले जाई. पुढे प्रयोगांती दिसले की हा गुणक वाट्यांच्या आणि दांड्यांच्या मापावर अवलंबून असतो, आणि इंग्लंडातल्या प्रमाण यंत्रासाठी तो तीन नव्हे, २.२ च्या आसपास आहे. याचा अर्थ असा की कित्येक दशकांचे आकडे तिसऱ्या हिश्शाहून अधिक फुगलेले होते. यंत्र नेमके फिरत होते, लिहिणारा प्रामाणिक होता, वहीत खाडाखोड नव्हती. आणि तरीही आकडा चुकीचा होता.

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये कंपनी सरकारने उभारली आणि १८४१ पासून तिथे पद्धतशीर नोंदी होऊ लागल्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय यंत्रे १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली. वारा आणि पाऊस मात्र कुलाब्यातच मोजला जात राहिला. यंत्राच्या शेजारी काय आहे यावर त्याची साक्ष किती अवलंबून असते, याचे हे आपल्या राज्यातले उत्तम उदाहरण. समुद्राच्या दृष्टीने कुलाब्याचे महत्त्व १९६३ मध्ये पुन्हा वाढले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी तिथे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले आणि अनेक देशांच्या जहाजांकडून येणारे वाऱ्याचे आकडे प्रथमच एका मेजावर आले.

आपल्या देशात वाऱ्याच्या यंत्रांचा विचार करताना अण्णा मणी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे आम्हांस जमणार नाही. जन्म केरळातला, १९१८ चा, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन. पण हाती एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. परदेशातून येणारी यंत्रे देशातच घडावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर यंत्रांची रेखाचित्रे प्रमाणित करून घेतली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. पदवीच्या कागदावरून माणसाची योग्यता ठरवणाऱ्यांनी जिला दारातून परत पाठवले, तिने देशाच्या यंत्रांची योग्यता ठरवली. आमच्या मुलींना ही हकिगत सांगताना आम्ही घाई करीत नाही.

यंत्रांची तुलना म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकापेक्षा शाळेच्या गच्चीवर जास्त कळले. आमची शाळा जुन्या जालन्यात; कुंडलिका मध्ये ठेवून पलीकडे नवा जालना. गच्चीवर मुलांनी तीन साधने मांडली. प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून केलेली चार वाट्यांची भिंगरी, बिजागरीवर लोंबणारा पत्रा ज्याचा कोन पाहून जोर ठरवायचा, आणि तिसरे साधन म्हणजे समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहणारा डोळा. सकाळच्या वंदनेनंतर तिन्ही नोंदी एका रजिस्टरात. आठवडाभरात वाद सुरू झाला, कारण तिघांचे कधी जुळेना. वाऱ्याची लहानशी झुळूक पत्र्याला हलवी, पण भिंगरी जागची हलत नसे. वारा पडला तरी भिंगरी आपल्याच वेगाने थोडा वेळ फिरत राही. लिंबाला तर झुळूक आणि सोसाटा यांच्या मधले काही सांगता येत नसे. दुसऱ्या आठवड्यात आठवीच्या मुलींनी शोध लावला की वारा पश्चिमेकडून असला की भिंगरी कमी दाखवते, कारण त्या बाजूला पाण्याची टाकी आहे. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘सर, मग यातला खरा कोण?’ आम्ही म्हटले, समुद्रावर काम करणारे शास्त्रज्ञही हेच विचारीत आहेत.

कारण आमची पाण्याची टाकी म्हणजेच त्यांचे जहाज. जहाजाचा अवाढव्य सांगाडा वाऱ्याची वाट अडवतो आणि वाकवतो. जहाज स्वतः चालत असल्याने यंत्राला लागतो तो वारा आणि जहाजाची चाल यांचा मिळून झालेला वारा; त्यातून जहाजाची चाल आणि दिशा वजा करावी लागते. उंचीचा प्रश्न आणखी वेगळा. समुद्राच्या पृष्ठभागाशी वारा घासून मंदावतो आणि वर वाढत जातो, म्हणून जगभर दहा मीटर उंचीवरचा वारा प्रमाण मानतात. तिथे वारा ताशी ३६ किलोमीटर असेल, तर साधारण हवेत चार मीटर उंचीवरच्या यंत्राला तो ३३ च्या आसपास भासतो आणि मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवर चाळीस मीटर उंचीला तो चाळिशीच्या वर जातो. दोघेही आपापल्या जागी खरे. पण उंची न लिहिता नुसता आकडा नोंदवला, तर पुढचा वाचणारा एकाला खोटा ठरवणार.

खोल समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयांवरची यंत्रे नेमकी अशीच, तीन-चार मीटर उंचीवर असतात. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात असे बोये सांभाळते आहे. बोयाला कोणतीच वाट धरावी लागत नाही, तुफान आले म्हणून पळता येत नाही, रात्र झाली म्हणून त्याचा डोळा मिटत नाही; म्हणून बाकीच्या साधनांची परीक्षा घेताना बहुधा बोयालाच प्रमाण धरतात. त्याचे दुखणे असे की मोठ्या लाटा उठल्या की तो दोन लाटांच्या खळग्यात उतरतो, आणि तिथे आडोसा असल्याने वारा कमी लागतो. शिवाय समुद्र अफाट आणि बोये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

उरलेला सारा समुद्र पाहायला आकाशात जावे लागले. त्याची सुरुवात एका त्रासदायक गोष्टीतून झाली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर रडार लावणाऱ्यांना शत्रूच्या जहाजाबरोबर लाटांवरून परतणारा निरर्थक गोंगाटही ऐकू येई. वारा वाढला की हा गोंगाट वाढतो, हे पुढे ध्यानात आले. म्हणजे जहाज शोधणाऱ्याला जो केवळ कचरा होता, त्यात वाऱ्याची बातमी होती. १९७३ मध्ये स्कायलॅबवरून याचा प्रयोग झाला आणि १९७८ मध्ये सीसॅट उपग्रह स्कॅटरोमीटर घेऊन वर गेला. शंभरेक दिवसांत तो बंद पडला, पण तेवढ्यात रीत सिद्ध झाली होती. स्कॅटरोमीटर समुद्राकडे सूक्ष्मलहरी पाठवतो. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बोटभर, दोन बोटे रुंदीच्या सुरकुत्यांवरून त्या विखरून परततात. सुरकुत्या जितक्या जास्त, परतीचा आवाज तितका मोठा. आणि एकाच जागेकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहिले, की सुरकुत्या कोणत्या दिशेने पसरल्या तेही कळते. मात्र उत्तर एकच येत नाही. गणितातून कधी दोन, कधी चार दिशा निघतात आणि शेजारच्या चौकोनांतला वारा पाहून त्यांतली एक निवडावी लागते. आम्हांला हे वाचून जुन्या मोडी कागदांची आठवण झाली. तिथेही एक अक्षर दोन-तीन परींनी वाचता येते आणि मागचापुढचा शब्द पाहून निवाडा करावा लागतो.

यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ओशनसॅट-२ वर आपला स्कॅटरोमीटर होता. ७२० किलोमीटर उंचीवरून तो एका फेरीत सुमारे १,८०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाही आणि दिवसभरात जगातला बहुतेक समुद्र नजरेखालून घाली. त्याच्या शेजारी युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचा ॲस्कॅट ठेवून पाहावा. आपल्या यंत्राच्या लहरीची लांबी सव्वादोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, ॲस्कॅटची जवळपास पावणेसहा. दिसायला किरकोळ फरक. परिणाम मात्र मोठा. आखूड लहर बारीक सुरकुतीलाही जाणते, पण पावसाच्या थेंबांनाही अडते. मुसळधार पावसात थेंबांवरून परतलेला आवाज आणि पाण्यावर आदळलेल्या थेंबांनी उठलेली खळबळ यांना ती वारा समजते. लांब लहर पावसातून बऱ्याच अंशी निभावून जाते. पण ॲस्कॅट आपल्या दोन्ही बाजूंना साडेपाचशे किलोमीटरचे दोन पट्टे पाहतो आणि बरोबर पायाखालचा सुमारे सातशे किलोमीटरचा पट्टा त्याला दिसतच नाही. एकाची नजर रुंद पण पावसात अंधुक, दुसऱ्याची पावसातही शाबूत पण मधोमध रिकामी. वेळाही निराळ्या: आपला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येई, ॲस्कॅट सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास. कोकण किनाऱ्यापुढच्या समुद्रात या अडीच तासांत मतलई संपून खारा वारा सुरू होऊ शकतो. तेव्हा दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोष कोणाचाच नसेल; त्यांनी दोन वेगळे वारे पाहिले असतील.

बोया आणि उपग्रह यांची तुलना तर त्याहून अवघड. बोया एका जागी उभा राहून दहा मिनिटांची सरासरी सांगतो. उपग्रह पंचवीस-पन्नास किलोमीटरच्या चौकोनाकडे क्षणभर पाहतो. एक म्हणजे गावातल्या एका घराने सांगितलेली वर्षाची कहाणी, दुसरी म्हणजे डोंगरावरून टिपलेले सबंध गावाचे एक छायाचित्र. त्यात आणखी गुंता असा की सुरकुतीवरून वेग काढण्याचे कोष्टकच मुळात बोयांशी आणि हवामानाच्या गणिती प्रारूपांशी ताडून तयार झालेले आहे. मग बोयाच्या साक्षीने उपग्रह खरा ठरला, असे म्हणण्यात किती अर्थ उरतो?

या कोड्यातून वाट काढली ती डच हवामानशास्त्रज्ञ आड स्टोफेलेन यांनी, १९९८ मध्ये. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दोनच साक्षीदार असतील तर त्यांच्यातला फरक कळतो, पण चूक कोणाची ते कळत नाही; म्हणून माणूस आपल्या मर्जीतल्याला खरे मानतो. तीन साक्षीदार एकाच जागी, एकाच वेळी मिळाले आणि त्यांच्या चुका परस्परांशी संबंधित नसल्या, तर कोणालाही आधीच खरे न मानता, दोघादोघांतले फरक ताडून प्रत्येकाची चूक किती ते वेगळे काढता येते. बोया, उपग्रह आणि गणिती प्रारूप, असे तिघे त्यांनी उभे केले. त्यात त्यांनी बोयालाही सोडले नाही. तो केवळ पाण्यात उभा आहे म्हणून सत्यवादी ठरत नाही.

एम.ए.च्या वर्गात साधनचिकित्सा शिकताना आम्हांस जे सांगितले गेले, ते यापेक्षा वेगळे नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आज आपल्या जालना जिल्ह्यात असलेल्या भूमीवर झाली. तिच्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले; पण त्यातले बरेचसे वेलस्लीच्या पत्रांवर उभे आहे. एकाच कागदावरून उतरलेली दहा वर्णने म्हणजे दहा साक्षीदार होत नाहीत. तो एकच साक्षीदार दहा वेळा बोलतो. वाऱ्यातही तेच पथ्य पाळावे लागते. ज्या प्रारूपाला आधीच उपग्रहाचा वारा भरवला आहे, त्यालाच त्या उपग्रहाचा साक्षीदार म्हणून उभे केले, तर दोघांचे छान जुळते आणि त्या जुळण्याला काही किंमत नसते.

सारे साक्षीदार एकदम लुळे पडतात ते चक्रीवादळात. जहाजे दूर पळालेली, बोये लाटांच्या खळग्यांत, आखूड लहरीचे यंत्र पावसाने चकलेले, आणि ताडून पाहायला पूर्वीच्या नोंदी अगदी थोड्या. आपल्या समुद्रांवर वादळात विमान पाठवून मोजण्याची नित्याची व्यवस्था नाही. ढगांच्या आकारावरून जोर ठरवण्याच्या १९७० च्या दशकातल्या ड्वोराक पद्धतीवरच बराच भार पडतो. त्यावर आकड्यांचा घोळ निराळा. आपले हवामान खाते तीन मिनिटांची सरासरी सांगते, अमेरिकी संस्था एका मिनिटाची. काळ जितका लहान तितका आकडा मोठा. म्हणून दूरचित्रवाणीच्या दोन वाहिन्यांवर एकाच वादळाचे दोन वेग दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की कोणीतरी खोटे बोलते आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेले. १७ मे रोजी तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर अडीचशेहून अधिक कामगार होते. तो आणि ‘वरप्रदा’ ही टगबोट मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. वादळाचे इशारे आधीच दिलेले होते. त्या सकाळी आमच्या मनात आलेला विचार येथे लिहितो: वारा अचूक मोजणे हे अर्धे काम, मोजलेला आकडा डेकवरच्या शेवटच्या मजुरापर्यंत पोहोचणे, आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेल्याने तो मानणे, हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्यासाठी उपग्रह आहेत.

आणि तेही नेहमी असतात असे नाही. ओशनसॅट-२ वरचा स्कॅटरोमीटर फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडला. त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-१ वर गेला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. स्कॅटसॅट २०२१ च्या आरंभी थांबला; म्हणजे तौक्ते आले तेव्हा वर आपला स्वतःचा असा स्कॅटरोमीटर नव्हता, परक्यांच्या यंत्रांवर भागवावे लागले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३ गेला आणि खंड भरून निघाला. असे खंड पडले की नुसते मधले आकडे जात नाहीत. नवे यंत्र जुन्याशी ताडून पाहायला दोघे काही काळ एकत्र जिवंत असावे लागतात. नाहीतर दहा वर्षांत वारा वाढला की यंत्र बदलले, हे सांगता येत नाही. या कामी अमेरिकेच्या क्विकस्कॅट उपग्रहाने जे केले ते आम्हांस फार भावते. १९९९ पासून दहा वर्षे काम केल्यावर नोव्हेंबर २००९ मध्ये त्याचा फिरणारा अँटेना अडकला. रुंद पट्टा दिसेनासा झाला, नजर एका अरुंद रेषेवर खिळली. पण त्या रेषेवरचे माप पूर्वीसारखेच नेमके होते, म्हणून त्याला लगेच निवृत्त केले नाही. आपल्या ओशनसॅट-२ चे माप ताडून पाहण्यासाठी ते लंगडे यंत्र प्रमाण म्हणून वापरले गेले, आणि २०१८ पर्यंत ते चालू ठेवले होते.

पेरू का, या प्रश्नाला आम्ही अजूनही हो किंवा नाही म्हणत नाही. समुद्रावरचा वारा जोरात आहे की मंदावला, हे मुलाला नकाशावर दाखवतो. तो मंदावला असेल तर पहिल्या सरीवर विसंबू नका असे सांगतो. आणि शेतात पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय बियाणे टाकू नये, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला त्याच्याच तोंडून बाबांना कळवायला लावतो. पावसाचे माप मात्र त्यांच्या बांधावरचे हवे, म्हणून मागल्या उन्हाळी सुट्टीत घरी जाताना काही मुले सरळ काठाचे डबे आणि फूटपट्ट्या घेऊन गेली.

अलीकडे वर्गात ॲस्कॅटचे नकाशे पाहून अरबी समुद्रावरचा वारा बाणांनी काढण्याचा उपक्रम चालतो. मध्ये जो न दिसलेला पट्टा येतो, तो दोन्ही बाजूंचे बाण पाहून भरून टाकावा असे मुलांच्या एका गटाचे मत पडले. ज्या मुलीने पाण्याच्या टाकीचा आडोसा शोधला होता, तिने आपल्या नकाशात तो पट्टा कोराच ठेवला आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिले, ‘येथे नोंद नाही.’ दोन्ही नकाशे आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत.